दोन, तीन, एक

बाकडं हललं तरी मॉयराने मान वर केली नाही. ॲग्नेस नुकती कुठे डोळे मिटत होती, आणि आठ महिन्यांचं मूल ट्राममध्ये झोपायला लागलं की आईने श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा असतो. ओल्या लोकरीचा आणि कातड्याचा वास आला. तो वास आधी पोटात पोचला आणि मग डोक्यात. "सरक की जरा, मॉय," शेजारचा माणूस म्हणाला. ती सरकली. एप्रिलपासून, म्हणजे नऊ आठवडे, ज्या माणसाने तिच्याशी आपुलकीचा एक शब्द टाकला नव्हता, तो तिचा सख्खा भाऊ क्लॅरी डूलन गुडघ्यांवर हॅट ठेवून तिच्या शेजारी बसला होता आणि बाळाच्या पायातला निसटता मोजा बोटाने वर सारत होता. "मोठी झाली गं. दात?" "दोन," ती म्हणाली. खरं तर चार आले होते. इतक्या दिवसांनी तोंडातून पहिला शब्द निघाला तोही चुकीचा, पण सुधारायला तिची जीभ उचलेना. बाहेर जून महिन्याचा बारीक, कंटाळवाणा पाऊस पडत होता. फेअरलीच्या भिंतींवर निवडणुकीचे कागद अजून चिकटलेले होते, अर्धे सोललेले. एका भिंतीवर क्लॅरीचं कपाळ होतं आणि त्याच्या खाली, चिकटवणाऱ्याच्या घाईमुळे, तिच्या नवऱ्याची हनुवटी.

"मी म्हणणारच होतो तुला," क्लॅरी पुढच्या बाकाकडे बघत म्हणाला. त्याला कुणाचे आभार मानायचे असले की तो नेहमी असाच दुसरीकडे बघे. "मोजणीला बर्ट होता माझ्यातर्फे. तुझ्या लिओचा नंबर तिसरा लागला, मग त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या आकड्याप्रमाणे माझ्यात आणि ॲशवर्थमध्ये वाटायला घेतल्या. शाळेतला गठ्ठा निघाला, तुमचा. दोनशे अकरा. एकूण एक त्या ॲशवर्थच्या पदरात. तुमच्या कार्डावर छापलं होतं तस्सं, डोळे मिटून. फक्त एक सोडून." त्याने एक बोट वर केलं. तंबाखूने पिवळं पडलेलं, लहानपणी तिला रस्ता ओलांडताना धरायला मिळणारं ते बोट. "एकीवर मी दुसरा होतो. बर्ट म्हणतो, दोनचा आकडा काय देखणा काढला होता, झोपलेल्या मांजराच्या शेपटीसारखा. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, ती आमची मॉय." ट्रामची घंटा वाजली. "हरलो ते हरलो," तो म्हणाला, "एकशे चार मतांचा फरक म्हणजे काही थोडा नव्हे. पण ते ऐकलं आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवलो. तुझ्या वहिनीला, थेल्माला विचार. रविवारी ये दुपारी. मुलींना घेऊन ये. त्याला नको, मॉय. त्याच्याबरोबर एका टेबलावर माझ्याच्यानं घास नाही उतरायचा. पण तू ये." आणि उत्तराची वाट न बघता तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला, अकरा वर्षं विधानसभेत बसलेला माणूस, बूट-फॅक्टरीच्या फाटकाकडे, जिथे त्याला पुन्हा घेणार होते किंवा नव्हते.

ते मत तिचं नव्हतं.

ट्राम पुढे निघाली तरी ती वाक्य मनात एवढ्यावरच थांबवत होती. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. ते गेले तीन आठवडे घरात तिच्या मागे मागे फिरत होतं, भांडी घासताना, दूध पाजताना. तिने क्लॅरीला तिसरा आकडा दिला होता. सगळ्यांत शेवटचा.

क्लॅरी वीस वर्षांचा आणि ती नऊ, तेव्हा आई गेली. बाप तर त्याआधीच बोटीवर काम शोधायला म्हणून जो गेला तो गेलाच. फॅक्टरीचा भोंगा साडेसातला होई, त्याआधी क्लॅरी तिची वेणी घाली. त्याला केस विंचरता येत नसत, पण गाठ मारता येई. बुटाच्या तळव्याला टाके घालणाऱ्या माणसाची गाठ, एकदा बसली की माणूस जाईल पण गाठ जाणार नाही. शाळेत सिस्टर ॲलोयशस कात्रीने रिबन कापी आणि म्हणे, "तुझ्या भावाला सांग, पोरीचं डोकं म्हणजे बूट नव्हे." तो रोज रात्री रिबनीची टोकं जोडून शिवी. रिबन आखूड आखूड होत गेली. मॉयराला त्या गाठीचा ताण अजून आठवे, कानामागे, जरा दुखणारा. दिवसभर कुणीतरी आपल्याला धरून ठेवलंय असा. आता ब्रिजिडची, तिच्या थोरलीची, वेणी घालताना ती मुद्दाम सैल घालते, आणि मग का कोण जाणे, तिलाच चुकल्यासारखं वाटतं.

लिओ टियर्नी अगदीच वेगळा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, कमी बोलणारा. शब्द आखून, मोजून, मग रंगवायचे अशी सवय लागलेला. क्लॅरीनेच त्याला घरी आणलं होतं, पक्षाचे फलक करून घ्यायला. दहा वर्षं क्लॅरीचं नाव फेअरलीच्या भिंतींवर लिओच्याच अक्षरांत झळकलं. मग गेल्या साली मजूर पक्षात ती फाटाफूट सुरू झाली. कोण कम्युनिस्टांचा मिंधा, कोण पाद्र्यांचा गुलाम, हे लोक चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून एकमेकांना सांगू लागले. वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारी माणसं दोन बाजूंच्या बाकांवर बसू लागली. लिओच्या युनियनमध्ये काय काय झालं ते तो घरी येऊन सांगे, हळू आवाजात, आणि ते खोटं नव्हतं हे तिला दिसत होतं. क्लॅरीही जे सांगे तेही खोटं नव्हतं. लिओच्या बाजूच्यांनी नवा पक्ष काढला तेव्हा फेअरलीत उभं राहायला कुणी मिळेना, आणि एका संध्याकाळी चार माणसं स्वयंपाकघरात येऊन बसली. "निवडून यायचं नाहीये, लिओ," त्यांतला एक म्हणाला, "उभं राहायचंय फक्त." लिओने तिच्याकडे बघितलं. ती बाळाला पाजत होती. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते आज तिला आठवत नाही. लिओने ती हो धरली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः क्लॅरीकडे गेला, कुणाकडून कळायच्या आधी आपण सांगावं म्हणून. थेल्माने दार अर्धंच उघडलं आणि आतून क्लॅरीचा आवाज आला, "पाटीवाला असेल तर म्हणावं, आता आम्हाला पाट्या नकोत."

कार्डं प्रेसमधून खोक्यांत आली. मतदाराने नावांपुढे कुठले आकडे घालायचे ते सांगणारी, तळहाताएवढी. या राज्यात नुसतं एकाला मत देऊन सुटका नसते; पत्रिकेवर जेवढी नावं, तेवढे आकडे घालावेच लागतात, जो आवडतो त्यालाही आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्यालाही. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने: ॲशवर्थ, डूलन, टियर्नी. ॲशवर्थ हा पलीकडच्या, पैसेवाल्यांच्या पक्षाचा, नदीकाठचा औषधवाला. कार्डावर वरून खाली छापलं होतं, दोन, तीन, एक. लिओ ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसला होता. "सगळीकडे असंच ठरलंय," तो म्हणाला, "एकट्या फेअरलीत वेगळं नाही करता येत." "मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली. आणि खरंच तिने काही म्हटलं नव्हतं. तिने शंभर-शंभरची बंडलं बांधली, ॲग्नेसला छातीशी धरून, एका हाताने. पॅरिशमधल्या, चर्चच्या वस्तीतल्या, म्हाताऱ्यांकडे ती दारोदार गेली, ज्यांना दिसत नसे त्यांच्या हातात पेन्सिल देऊन, बोटावर बोट ठेवून गिरवून घेतलं: वर दोन, मधे तीन, खाली एक. "मधे कोण गं, बाई?" मिसेस गिलहूलीने विचारलं होतं. "मधे तीन," मॉयरा म्हणाली होती. रात्री बाळ झोपेना तेव्हा तोंडात तेच यायचं. दोन, तीन, एक. दोन, तीन, एक. मांडी हलायची आणि 'एक'ला ती बाळाला किंचित वर उडवायची, आणि ॲग्नेस त्या अंधाऱ्या घरात खळखळून हसायची.

मतदानाच्या शनिवारी तिने ठरवलं होतं. कार्ड इतरांसाठी. आपण लिओला एक आणि क्लॅरीला दोन द्यायचं. ॲशवर्थ गेला खड्ड्यात. त्या लाकडी आडोशात आपण आणि देव. शाळेच्या फाटकाशी दोन्हीकडची माणसं ओळीने उभी होती, कुणाच्या हातात थर्मास, कुणाच्या हातात सॅंडविच, आणि मधोमध क्लॅरी, आपली कार्डं घेऊन. बाळ कडेवर, ब्रिजिड हाताशी, अशी ती जवळ आली. ब्रिजिड ओरडली, "क्लॅरीमामा!" त्याने मुलीकडे बघून डोळा मिचकावला, पण मॉयरापुढे कार्ड धरलं ते परक्यापुढे धरावं तसं. हॅट उचलून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "सुप्रभात, मिसेस टियर्नी. आमचाही विचार व्हावा." थर्मासवाले हसले. तिच्या कानामागे काहीतरी सुटल्यासारखं झालं.

आत आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. ॲग्नेस रडायला लागली होती, भुकेचं रडणं, आणि ते ऐकून तिचं दूध उतरलं, ब्लाउज ओला झाला. तिने पत्रिका फळीवर ठेवली, ओठांत काहीतरी पुटपुटत बाळाला हलवलं, आणि हाताने लिहिलं. वर दोन. मधे तीन. खाली एक. मग तिने बघितलं.

इथपर्यंतचं सगळं ती हातावर ढकलू शकत होती. हजारदा गिरवलेलं हाताने गिरवलं, हाताला काय कळतं. पण त्यानंतर ती तिथे उभी राहिली होती. किती? पंधरा सेकंद, वीस सेकंद. पत्रिका बिघडली तर परत देऊन दुसरी मागता येते, हे तिने स्वतःच त्या म्हाताऱ्यांना शिकवलं होतं. टेबलाशी मिस्टर पिम बसले होते, निवृत्त पोस्टमन. सगळ्या फेअरलीची पत्रं आयुष्यभर त्यांच्या हातून गेलेली. त्यांच्यापुढे जाऊन म्हणायचं होतं, चुकलं माझं, दुसरी द्या. ते म्हणाले असते, उमेदवाराची बायको, आणि तुझंच चुकलं? मागे रांग होती, बाळ रडत होतं, ब्लाउज ओला होता. ही सगळी कारणं खरी होती. पण त्या वीस सेकंदांत तिच्या कानांत 'मिसेस टियर्नी' हा शब्दही होता आणि थर्मासवाल्यांचं हसणं होतं. तिने पत्रिकेची घडी घातली आणि पेटीत टाकली. ती हाताने टाकली की आपण टाकली, हे तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि तेव्हापासून एकाही दिवशी आलं नाही.

ट्रामवरून उतरून ती चालत घरी आली. मग ते मत कुणाचं? दोनशे दहा माणसांनी कार्ड पाळलं, एकाने मोडलं. मिसेस गिलहूली? तिला तर आकडा धड उमटवता येत नव्हता. फाटकाची कडी उचलताना तिचा हात थांबला. फाटकावर घराचा नंबर होता, बेचाळीस, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी लिओने हिरव्यावर पांढरा रंगवलेला. चार साधा होता. दोन मात्र खालून वळून, अंगाचं वेटोळं करून, शेपटी पुढच्या पायांवर ठेवून निवांत पडलेला. सहा वर्षं ती हे फाटक उघडत होती.

लिओ परसात ब्रश धूत बसला होता. टर्पेंटाइनच्या वासात तिने सांगितलं, क्लॅरी भेटला होता. लिओचा हात थांबला. "बोलला?" "बोलला. रविवारी बोलावलंय. मला आणि मुलींना." "बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरं वाटलं होतं, लिओला खोटं बरं वाटून घेता येत नसे. "जा तू. पोरींना मामा हवा." ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बर्टने त्याला सांगितलं. शाळेतल्या तुझ्या गठ्ठ्यात एक पत्रिका निघाली म्हणे, त्याला दुसरा आकडा दिलेली."

"एकच?" लिओ म्हणाला.

तो एवढंच म्हणाला, आणि मग त्याने वर बघितलं, आणि तिला कळलं की आपण काय करून बसलो. एकच होती, आणि ती कुणाची हे त्याला माहीत होतं, म्हणजे ती तिची नव्हती, तिने भावाला तीनच दिला होता, हेही त्याला आता माहीत झालं. त्याने तिच्याकडे बघितलं तेवढ्याच वेळात त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. राग नव्हता, राग असता तर तिने सोसला असता. चुकून न्हाणीघराचं दार उघडावं, आत कुणी असावं, आणि मागे वळावं, तशी त्याने मान खाली घातली आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. "मला वाटलं होतं, चार-पाच तरी असतील," तो म्हणाला. पक्षाच्या उमेदवाराने, ज्याच्या नावाने ती हजारो कार्डं वाटली गेली त्याने, आडोशामागे जाऊन आपलंच कार्ड मोडलं होतं आणि घरी येऊन बायकोला चकार शब्द सांगितला नव्हता. तिला वाटलं, आता विचारावं. तिला वाटलं, आता सांगावं, हाताचं, दुधाचं, वीस सेकंदांचं. ॲग्नेस जागी झाली. त्या घरात नेहमीच कुणीतरी जागं होत असे.

रविवारी थेल्माने मटण भाजलं होतं, भोपळा आणि बटाटे, पुदिन्याची चटणी. थेल्माने दार पूर्ण उघडलं आणि मॉयराच्या गालाला गाल लावला, गार आणि पावडरचा. क्लॅरीने ब्रिजिडला मांडीवर घेतलं आणि तिच्या वेणीकडे बघून म्हणाला, "ही कुणी घातली गं? वाऱ्याने?" मुलगी हसली. त्याने खिशातून कसलीशी दोरी काढली आणि वेणीच्या टोकाला गाठ मारली, आणि मॉयराला समोरची बशी दिसेनाशी झाली. ते टेबल तेच होतं. याच टेबलावर तिने पाढे पाठ केले होते. मांस मऊ होतं. क्लॅरी फॅक्टरीतल्या नव्या फोरमनची नक्कल करत होता. त्याला घेतलं होतं, पण पॅकिंगमध्ये. "अकरा वर्षं कायदे केले," तो म्हणाला, "आता खोकी करतो. खोकी बरी, निदान बंद तरी होतात." मग बिअरचा ग्लास उचलून तो थेल्माला म्हणाला, "आणि ही बघ. सगळ्या पॅरिशने पाठ फिरवली, घरात नवरा उमेदवार, तरी हिचा हात ढळला नाही. रक्त म्हणतात ते हे."

"ते माझं नव्हतं, क्लॅरी," मॉयरा म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला पुढच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. "ती पत्रिका. ती लिओची होती. त्याने दिलं तुला ते मत. आकडा त्याचा आहे, आमच्या फाटकावर बघ जाऊन."

क्लॅरी तिच्याकडे बघत राहिला आणि मग हळूहळू त्याच्या तोंडभर हसू पसरलं, तिच्या लहानपणी ती खोटं बोलताना पकडली की पसरे ते. "आकडा त्याचा! दोन वर्षं त्याच्या पाट्यांवरचे आकडे कोण भरत होतं, ब्रिजिड व्हायच्या आधी? मला काय माहीत नाही? तेवढी एक चांगली गोष्ट शिकलीस त्याच्याकडून." तो थेल्माकडे वळला. "नवऱ्याला माझ्या टेबलावर बसवायला बघतेय पोरगी. शहाणी आहे." "खरं सांगतेय," ती म्हणाली. "अगं, पण एकच होती ना?" तो मायेने म्हणाला, अगदी मायेने, पाढ्यात चुकल्यावर समजावून सांगे तसा. "दोनशे अकरांत एक. ती जर त्याची, तर मग तुझी कुठली?"

खोलीत मटणाचा वास होता. ॲग्नेस तिच्या मांडीवर चमचा चावत होती. ब्रिजिड मामाकडे बघत होती, थेल्मा तिच्याकडे बघत होती, आणि क्लॅरी भुवया उंचावून, उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखा, वाट बघत होता. एक वाक्य होतं. छोटं. ते म्हटलं की ते मत लिओचं होतं हे खरं ठरणार होतं. आणि ते म्हटलं की या खोलीतलं हे जे होतं, ही मांडी, ही गाठ, हे 'मॉय', ते उठून निघून जाणार होतं. तिने तोंड उघडलं. "बटाटे घे अजून," थेल्मा म्हणाली, आणि तिने बशी पुढे केली. क्लॅरीने टेबलावर थाप मारली. "बघ. सापडली!" तो म्हणाला, आणि सगळे हसले, आणि मॉयराही हसली.

परतताना पाऊस थांबला होता. ट्राम फेअरलीच्या थांब्यावर आली तेव्हा लिओ तिथे उभा होता, रविवारच्या कोटात, सांगितलेलं नसताना. त्याने आधी ब्रिजिडला उतरवून घेतलं, मग झोपलेल्या ॲग्नेसला, मान सांभाळून. ब्रिजिडच्या वेणीची गाठ त्याने बघितली आणि ते घराकडे चालू लागले. मग बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "बरा आहे ना तो?"

"बरा आहे. काम लागलंय."

"माझ्याबद्दल काही…"

"विचारलं ना," मॉयरा म्हणाली.

लिओची चाल किंचित मंदावली. त्याला कळत होतं. तिच्या आवाजातलं काय खरं आणि काय नाही, ते सहा वर्षांत त्याला कळायला लागलं होतं, आणि आता तर त्याला सगळंच माहीत होतं. तरी तो म्हणाला, "काय म्हणाला?"

आणि ती सांगू लागली. क्लॅरी म्हणाला, लिओ कसा आहे, कामं मिळतात का त्याला. म्हणाला, चर्चच्या पायऱ्यांवर दिसला होता, वाळल्यासारखा वाटला. म्हणाला, इतकी वर्षं त्या भिंतींवर माझं नाव किती देखणं दिसायचं. लिओ ऐकत होता, मधे "हं" म्हणत होता, एकदा "खरंच?" म्हणाला. घर तीन गल्ल्या दूर होतं, आणि ती थांबली नाही.